पॉइंट टू-टूचं लायसन, जुनी सिंगल शॉट रायफल आणि गोळ्यांचं लॉट टेस्टिंग : कोल्हापुरातून केलेला सगळा खटाटोप

एअर रायफलला परवाना लागत नाही, पॉइंट टू-टूला, म्हणजे .२२ बोअरच्या, दारूची गोळी मारणाऱ्या रायफलला, लागतो. सुरुवातीला मला एवढंच माहीत होतं. बाकी कुठला फॉर्म, कुठल्या टेबलावर, रायफल आधी बघायची का लायसन आधी, गोळ्या कुठून आणायच्या आणि त्यातल्या कुठल्या चांगल्या, हे सगळं ज्याला त्याला विचारून गोळा केलं, आणि प्रत्येकानं जरा जरा वेगळं सांगितलं. म्हणून एका जागी लिहून ठेवतेय. कोल्हापुरात १० मीटर खेळणारी भरपूर पोरं-पोरी आहेत, त्यातली काही दरवर्षी ५० मीटरकडं वळतात आणि घरचे लोक कागदपत्रांच्या नावानंच गार पडतात, हे मुख्यतः त्यांच्यासाठी.

मी शाळेत विज्ञान शिकवते, चाळिशी ओलांडलीय, हौस म्हणून काही वर्षं एअर रायफल खेळत होते. मेडलबिडलचं काही डोक्यात नाही. पण आपल्या गावात या खेळाला तोटा नाही, तेजस्विनी सावंतनं २०१० ला म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये (झोपून मारायच्या प्रकारात) वर्ल्ड चॅम्पियनशिप मारली, राही सरनोबतनं २०१३ ला चांगवॉनच्या वर्ल्ड कपमध्ये २५ मीटर पिस्टलचं गोल्ड घेतलं, आणि १ ऑगस्ट २०२४ ला राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशनचं ब्राँझ आणलं. त्या आठवड्यात रेंजवर चौकशीला येणाऱ्या पालकांची रीघ लागली होती, लोक पोरांना घेऊन आले होते आणि मी स्वतःसाठीच विचारायला गेले होते, की सर, मला टू-टू घ्यायचीय, जमेल का.

रेंजवरचे कोच सर म्हणाले, "घ्या की. नेम धरायला लवकर शिकाल मॅडम, कागदांनाच वर्ष जाईल."

आधी क्लबची रायफल मारून बघितली. क्लबच्या रेंजवर, क्लबच्या रायफलनं, कोचसमोर मारायला स्वतःचं लायसन लागत नाही, त्यामुळं कुणीही लायसनच्या मागं लागण्याआधी हे करून बघावंच. १० मीटरवर एअर रायफलच्या टार्गेटचा टेन, म्हणजे दहा गुणांची मधली जागा, हा अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका, आणि ५० मीटरवर टेनची रिंग १०.४ मिलिमीटर, ऐकायला मोठी वाटते, पण मधे पन्नास मीटर हवा असते आणि ती कधी एका जागी थांबत नाही. शिवाय झोपून, म्हणजे प्रोनमध्ये, डाव्या दंडाला स्लिंगचा पट्टा आवळून मारायचं, पहिल्या महिन्यात हाताला मुंग्या येतात आणि कोपराची सालं निघतात. तरी आवडलं. आवाज छोटासाच येतो, फट्ट, आणि एअर रायफलला नसलेला एक बारीकसा धक्का खांद्याला लागतो, तिथंच मी फसले.

आता कागद. परवाना देणारा अधिकारी म्हणजे जिल्हाधिकारी, कारण आपल्याकडं पोलीस आयुक्तालय नाही. सगळं शस्त्र नियम २०१६ प्रमाणं चालतं. अर्ज फॉर्म ए-१ मध्ये, आणि त्याबरोबर एस-१ म्हणजे शस्त्र सुरक्षेचं ट्रेनिंग झाल्याचं सर्टिफिकेट, एस-२ म्हणजे शस्त्र नीट वापरीन आणि नीट ठेवीन याची हमी, एस-३ म्हणजे डॉक्टरचं शारीरिक-मानसिक तंदुरुस्तीचं सर्टिफिकेट. एस-४ आपण भरायचा नसतो, तो पोलिसांचा रिपोर्ट. हे चार एस पाठ करून ठेवा, अर्धं बोलणं याच भाषेत होतं. शिवाय जन्मतारखेचा पुरावा, रहिवासाचा पुरावा, शिक्षणाचं सर्टिफिकेट, पांढऱ्या बॅकग्राऊंडचे फोटो, माझ्याकडून इन्कम टॅक्स रिटर्नही मागितले, आणि खेळासाठी म्हणून मागत असाल तर रायफल असोसिएशनची मेंबरशिप, स्पर्धांची सर्टिफिकेटं आणि शिफारसपत्र. हे शिफारसपत्र सगळ्यात महत्त्वाचं. स्वसंरक्षणासाठी मागणारा आणि टार्गेट शूटिंगसाठी मागणारा यांच्या फाईलकडं बघायची नजरच वेगळी असते, त्यामुळं अर्जात कारण लिहिताना गोलमाल लिहू नका, कुठला इव्हेंट खेळणार, कुठल्या रेंजवर खेळणार, रायफलचा बोअर (नळीचा आतला व्यास) काय, सगळं सरळ लिहा.

सप्टेंबर सगळा यातच गेला. एस-१ साठी असोसिएशननं नेमलेल्या ट्रेनिंगला बसले, त्यात थिअरी पण असते आणि प्रॅक्टिकल पण, आणि एअर रायफल खेळलेल्यांना त्यातलं निम्मं येतच असतं. एस-३ ला सरकारी दवाखान्यात गेले, तिथं मानसिक आरोग्याच्या डॉक्टरांनी झोप येते का, राग येतो का, घरी भांडणं होतात का असं विचारलं, मी म्हटलं आठवीच्या वर्गावर शिकवते, राग रोज येतो, तर डॉक्टर हसले आणि सही केली. एक टीप: सकाळी लवकर जा आणि कामाच्या दिवसाची अर्धी रजा टाकूनच जा, कारण तपासणी एका इमारतीत आणि शिक्का दुसऱ्या इमारतीत असतो. दुसरी टीप: प्रत्येक कागदाच्या चार झेरॉक्स एकदम काढा आणि स्वतःकडं एक पूर्ण सेट ठेवा. मी सगळ्याची प्लॅस्टिकच्या कप्प्यांची फाईल केली होती, टेबलावरच्या भाऊसाहेबांनी ती उघडून "कोण वकील आहे काय घरात?" असं विचारलं, ते कौतुकच समजले.

घरचं प्रकरण वेगळंच. आत्यांना, म्हणजे सासूबाईंना, सांगितलं तर त्या म्हणाल्या, "घरात बंदूक? पोरं हायती घरात, ध्यानात हाय का?" त्यांचं बरोबरच होतं. त्यांच्या माहेरी, गगनबावड्याच्या अंगाला, ठासणीची बंदूक होती, रानडुकरांपासून पीक राखायला, ती भिंतीवर खुंटीला टांगलेली असायची आणि दारूची पिशवी फडताळात, तेवढं चित्र त्यांच्या डोळ्यापुढं. मग मी त्यांना उद्यमनगरात घेऊन गेले. तिथल्या एका फॅब्रिकेटरकडून जाड पत्र्याचं उभं कपाट करून घेतलं, आतून दोन कप्पे, दोन वेगळी कुलुपं, एकात रायफल, दुसऱ्यात रायफलचा बोल्ट (गोळी आत ढकलून मागून बंद करणारा सुटा भाग) आणि गोळ्या, आणि मागून भिंतीत चार नटबोल्ट मारून पक्कं. बोल्ट काढलेली रायफल म्हणजे नुसता लोखंडाचा दांडा, हे दाखवल्यावर त्या गप्प झाल्या, पण किल्ली कुठं ठेवणार हे विचारल्याशिवाय सोडलं नाही. कपाट आठ हजारांच्या आत झालं, तयार गन सेफच्या किमती बघितल्या तर याच्या कितीतरी वर आहेत. हे कपाट लायसनच्या आधी करून ठेवा, पोलीस घरी येतात तेव्हा ठेवायची जागा बघतात.

ऑनलाइन अर्ज शस्त्र परवान्यांच्या एनडीएएल-अलिस या सरकारी पोर्टलवर, त्यावरूनच पुढं यूआयएन, म्हणजे परवानाधारकाचा ओळख नंबर, मिळतो. ऑक्टोबरच्या सुरुवातीला अर्ज आत गेला, आणि १५ ऑक्टोबर २०२४ ला विधानसभेची आचारसंहिता लागली. आचारसंहितेत नवीन शस्त्र परवाने देत नाहीत, उलट असलेली शस्त्रं जमा करून घ्यायचं काम सुरू होतं, त्यामुळं चौकशीला गेलं की "निकालानंतर या" एवढंच उत्तर. २० नोव्हेंबरला मतदान, २३ ला निकाल, आणि त्यानंतर लोकांची साचलेली कामं, म्हणून माझी फाईल प्रत्यक्षात हलली डिसेंबरात. यात कुणाचाच दोष नाही, फक्त अर्ज करताना निवडणुकीचं कॅलेंडर बघा एवढंच सांगेन. आणि लायसन मिळाल्यावरसुद्धा हे लक्षात ठेवा: निवडणुकीत सगळ्यांना शस्त्र जमा करायला सांगतात, पण नॅशनल रायफल असोसिएशनच्या मेंबर असलेल्या आणि स्पर्धा खेळणाऱ्या शूटर्सना त्यातून सूट मिळते. ती आपोआप मिळत नाही, मेंबरशिप आणि स्पर्धेचं पत्र जोडून अर्ज द्यावा लागतो, तो आचारसंहिता लागायच्या दिवशीच द्या.

जानेवारीत पोलीस व्हेरिफिकेशन. एक हवालदारसाहेब घरी आले, कपाट बघितलं, कुलुपं उघडून बंद करून बघितली, शेजारच्या दोन घरांत चौकशी केली. शेजारच्या काकूंनी "लई शांत बाई हाय, फक्त रविवारी सकाळी लवकर कुठंतरी जाती" असं सांगितलं म्हणे. आत्यांनी त्यांना चहा दिला आणि त्यांच्याकडूनच खात्री करून घेतली की किल्ली सुनेकडंच राहायला पाहिजे. मग ठाण्यात जबाब, बोटांचे ठसे, माझ्यावर काही गुन्हा नाही याची नोंद, आणि फाईल पुढं. पुढं म्हणजे नेमकी कुठं हे प्रत्येक वेळी विचारावं लागतं, आवक नंबर लिहून ठेवा, त्याशिवाय कुणी बोलत नाही.

मुलाखत झाली, विचारलं काय तर शूटिंगचेच प्रश्न, मारता किती, स्कोअर काय येतो, रेंज कुठली. एप्रिल २०२५ मध्ये लायसन हातात आलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याची मुदत पाच वर्षांची झालीय, आधी तीन होती. लायसनवर शस्त्राचा प्रकार लिहिलेला असतो आणि अमुक तारखेपर्यंत शस्त्र घेऊन नोंद करा असंही असतं, ती तारीख पहिल्याच दिवशी मोबाईलमध्ये टाकून ठेवा, कारण खरा वेळ पुढंच लागतो.

नवीन मॅच रायफलच्या किमती ऐकून मी खालीच बसले. म्हणून जुनी शोधली. एका सीनिअर शूटरनं नवीन घेतली होती, त्यांची जुनी ॲनशुट्झ १९१३, जर्मनीतल्या उल्म गावची, मला मिळाली, साडेतीन लाखांच्या आत. ही सिंगल शॉट, म्हणजे मॅगझिन (गोळ्या साठवायचा खण) नाहीच, दर वेळी बोल्ट मागं ओढायचा, एक गोळी हातानं ट्रेमध्ये ठेवायची, बोल्ट पुढं, मारायची, परत तेच. मॅगझिनमधून वर चढताना गोळीचं टोक कशाला तरी घासतं, हातानं ठेवलेली सरळ चेंबरमध्ये, म्हणजे बॅरलच्या (नळीच्या) मागच्या तोंडात, जाते, आणि शिवाय घाई करताच येत नाही. प्रोनच्या साठ गोळ्यांना पन्नास मिनिटं मिळतात, एकेक भरूनही वेळ उरतो.

जुनी घेताना बघायचं काय? लाकूड, पेंट यांना भुलू नका. चेंबरचं तोंड भिंगातून बघा, तिथं दर गोळीला जळकी राख घासते आणि बॅरल खराब व्हायला लागते ती तिथूनच. मझलचा, म्हणजे नळीच्या पुढच्या तोंडाचा, काठ बोटानं चाचपून बघा, सळई आपटून खाच पडली असेल तर सोडून द्या. आणि आधीच्या मालकानं किती गोळ्या मारल्यात, साफ कशानं करत होते, हे थेट विचारा.

पण पैसे दिले आणि रायफल उचलली असं नसतं. एका लायसनधारकानं दुसऱ्याला शस्त्र विकायचं तर विकणाऱ्यानं आधी जिल्हाधिकाऱ्यांना किंवा पोलीस ठाण्याला लेखी कळवावं लागतं आणि त्यानंतर ४५ दिवस थांबावं लागतं. हे मला कुणीच सांगितलं नव्हतं, विकणाऱ्या सरांना माहीत होतं म्हणून निभावलं. मग दोघांच्या लायसनवर नोंदी, त्यांच्या वजा, माझ्या जमा, आणि रायफल नेऊन नंबर पडताळून घेणं. घरी आली तेव्हा जुलै उजाडला होता आणि बाहेर कोल्हापूरचा पाऊस, म्हणजे भिंतीला हात लावला तरी ओला होतोय अशी हवा. त्यामुळं पहिली खरेदी सिलिका जेलच्या पिशव्या आणि गन ऑइल. पावसाळ्यात आठवड्याला एकदा बॅरलमधून तेलाचं फडकं फिरवायचं आणि मारायच्या आधी कोरडं फडकं, तेल राहिलं तर पहिल्या काही गोळ्या भलत्याच ठिकाणी जातात.

आता मुख्य विषय, गोळ्या. इथं मला सगळ्यात जास्त मजा आली.

सेंटरफायर रायफलवाले (ज्यांच्या काडतुसात पेटायचा मसाला बुडाच्या मधोमध असतो) बाहेरच्या देशांत स्वतः काडतुसं भरतात. आमचे सर या विषयावर सुरू झाले की थांबत नाहीत. काळ्या दारूच्या जमान्यातल्या सिंगल शॉट रायफलवाल्यांचं उदाहरण ते नेहमी देतात, अजूनही ती हौस करणारे लोक अमेरिकेत आहेत. ते लोक पितळेची केस, म्हणजे काडतुसाची नळी, दर वेळी धुऊन घेतात, कारण काळी दारू जळली तरी तिच्या वजनाचा निम्म्याहून जास्त भाग राख म्हणून मागं राहतो, दारू तराजूवर तोलतात, लांब नळीतून सावकाश ओततात म्हणजे दाणे नीट बसतात, वर पुठ्ठ्याची चकती, मग दाबून गोळी, गोळीच्या खाचांत मेण-चरबी, आणि दोन गोळ्यांच्या मधे बॅरलमध्ये नळीनं तोंडाची वाफ फुंकतात की आतली राख मऊ राहावी. कशासाठी, तर दहावी गोळी पहिलीसारखीच सुटावी म्हणून. १८७४ ला न्यूयॉर्कजवळ क्रीडमूरला आयर्लंड आणि अमेरिकेची मॅच झाली, आयरिश लोकांकडं तोंडातून भरायच्या रायफली, अमेरिकनांकडं मागून भरायच्या, ८०० ते १००० यार्ड, आणि निकाल ९३४ विरुद्ध ९३१, अमेरिका तीन पॉइंटांनी जिंकली. त्या काळात, लोखंडी साईटवर, म्हणजे दुर्बीण न लावता!

आपली पॉइंट टू-टू लाँग रायफलची गोळी त्याच काळातली आहे, १८८७ ची, आणि ती सुरुवातीला काळ्या दारूवरच यायची, पाच ग्रेन दारू आणि चाळीस ग्रेन शिसं (ग्रेन हे वजनाचं जुनं बारीक माप). दारू पुढं बदलली, चाळीस ग्रेन शिसं तसंच राहिलं. फक्त ही रिमफायर, म्हणजे पेटायचा मसाला केसच्या काठातच भरलेला असतो, एकदा मारली की केस गेली, परत भरता येत नाही. आणि आपल्याकडं तसंही परवान्याशिवाय काडतूस बनवणं हा गुन्हा आहे, तेव्हा कुणी घरी काही करायच्या भानगडीत पडू नये. मग टू-टूवाल्याच्या हातात राहतं काय? निवडणं. तोलून-मापून भरायचं काम कारखाना करतो, आणि कारखान्याच्या कुठल्या दिवशीच्या मालाशी आपल्या बॅरलचं जमतं ते आपण शोधायचं. यालाच लॉट टेस्टिंग म्हणतात. बॉक्सवर लॉट नंबर छापलेला असतो, काही कंपन्या वेगही छापतात. एकाच नावाच्या, एकाच किमतीच्या दोन लॉटमध्ये एवढा फरक पडू शकतो की मी आधी विश्वासच ठेवला नव्हता.

किती फरक चालतो त्याचा हिशोब मी मांडून बघितला. टेनची रिंग १०.४, गोळी ५.६ मिलिमीटर, गोळीचा काठ रिंगला शिवला तरी टेन, म्हणजे गोळीचा मध्य टार्गेटच्या मध्यापासून ८ मिलिमीटरच्या आत पाहिजे. आता रायफल स्वतःच जर १२ मिलिमीटरचा पसारा मारत असेल तर सहा मिलिमीटर तिनंच खाल्ले, माझ्या चुकीला उरले दोन. आणि वेगाचं बघा, मॅचची गोळी आवाजाच्या वेगापेक्षा जरा कमी, सेकंदाला सव्वातीनशे मीटरच्या आसपास सुटते. एक गोळी त्यापेक्षा सेकंदाला दहा मीटर हळू सुटली तर ५० मीटरवर ती सात-आठ मिलिमीटर खाली लागते. नेम बरोबर, श्वास बरोबर, ट्रिगर बरोबर, तरी टेन जेमतेम, जरा इकडंतिकडं झालं की नऊ. त्यामुळं छिद्रं उभी, एकाखाली एक पडायला लागली की आधी गोळीवर संशय घ्यायचा, आडवी पसरली की वाऱ्यावर.

बाहेर ईली, लापुआ या कंपन्यांच्या टेस्ट रेंज आहेत, तिथं आपली बॅरल शिकंज्यात आवळून वेगवेगळे लॉट मारून देतात. आपल्याला ते परवडायचं नाही. मी उद्यमनगरातल्या त्याच फॅब्रिकेटरकडून इंग्रजी व्ही आकाराचा एक जड स्टँड करून घेतला, वर चामडं लावून, पुढं तो आणि मागं बटखाली, म्हणजे रायफलच्या मागच्या टोकाखाली, वाळूची पिशवी. पिशव्या आत्यांनी जुन्या जीन्सच्या शिवून दिल्या, पंचगंगेची वाळू चाळून वाळवून भरली. क्लबच्या स्टॉकमध्ये तीन-चार वेगवेगळे लॉट होते, ते क्लबच्या रजिस्टरवर सही करून रेंजवरच मारायचे, घरी न्यायचे नाहीत.

दिवाळीनंतर हवा थांबते तेव्हा पुण्यात बालेवाडीच्या रेंजला गेले, पहाटे निघून, कारण सकाळी नऊच्या आधी वारा दाखवणाऱ्या झेंड्या खाली लोंबत असतात, नंतर त्या नाचायला लागतात. पद्धत अशी: लॉट बदलला की आधी दहा-पंधरा गोळ्या नुसत्या मारायच्या, स्कोअर बघायचा नाही. प्रत्येक गोळीवर मेणाचा थर असतो आणि तो कंपनीप्रमाणं वेगळा, आधीच्या मेणाचा लेप बॅरलमधून निघून नवीन बसेपर्यंत गोळ्या भरकटतात. मग दहा-दहाचे चार ग्रुप, चार वेगळ्या कागदांवर, कागदावर आधीच लॉट नंबर, वेळ, तापमान लिहून. पाच गोळ्यांचा ग्रुप बघून खूश होऊ नका, पाच कुठल्याही लॉटच्या छान बसतात, सहावी-सातवी बाहेर जाते. आणि झेंडी हलली की थांबायचं, कितीही वेळ लागला तरी.

एका लॉटचं मला अजून डोळ्यापुढं आहे. महागातली गोळी, एकेक गोळी म्हणजे वडापाव आणि वर चहा. पहिल्या आठ गोळ्यांनी एकच फाटकं भोक पाडलं, कडा काळ्या मेणानं माखलेल्या, मी मनात ऑर्डर पण देऊन टाकली. नववी त्या भोकाच्या सरळ खाली, मधे बोटभर कोरा कागद. दहावी परत भोकात. मी म्हटलं माझाच खांदा हलला असेल. पुढच्या कागदावर परत तेच, दहातली एक खाली, तिसऱ्यावर दोन. चौथा कागद बघितलाच नाही, काढून ठेवला. त्याच कंपनीची एक पायरी स्वस्त गोळी मारली तर भोक जरा मोठं, पण चारही कागदांवर दहाच्या दहा आत, बाहेर पळणारी एकही नाही. घरी येऊन स्वयंपाकघरातल्या टेबलावर व्हर्नियर घेऊन बसले, बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत मोजायचं आणि गोळीची जाडी ५.६ वजा करायची. महाग लॉटचा सगळ्यात वाईट ग्रुप २२ मिलिमीटर, स्वस्त लॉटचा सगळ्यात वाईट १४. सरासरी काढाल तर दोघांत फार फरक दिसत नव्हता, म्हणून मी सांगेन की सरासरीपेक्षा सगळ्यात वाईट ग्रुपकडं बघा, मॅचमध्ये जी गोळी खाली जाते तिची सरासरी कुणी काढत नाही. तिसरा लॉट मधलाच निघाला, त्याचं काही सांगण्यासारखं नाही.

काही लोक गोळ्यांच्या काठाची जाडी गेजनं मोजून वेगळ्या करतात, वजन करतात. मी एका सुट्टीत एक पूर्ण बॉक्स वजन करून बघितला, फरक एवढा बारीक की माझ्या तराजूवर तो खरा का खोटा हेच कळेना, आणि कागदावर तर काहीच दिसलं नाही. ज्यांना वेळ आहे त्यांनी करावं. मी त्या वेळात ड्राय प्रॅक्टिस, म्हणजे गोळी न घालता सराव, करते.

लॉट ठरला की लगेच इंडेंट, म्हणजे मागणीचा अर्ज, लावायचा. बाहेरच्या गोळ्या असोसिएशनमार्फत येतात, आपल्या लायसनवर आणि आपल्या कॅटेगरीला जेवढा कोटा आहे तेवढ्याच मिळतात, आणि प्रत्येक खरेदीची नोंद लायसनवर होते. लॉट मागून मिळेलच असं नाही, पण अर्जात लॉट नंबर लिहून स्टोअरच्या माणसाला आधी सांगून ठेवलं तर शिल्लक असेल तर देतात, मला मिळाला. सीझनला लागतील तेवढ्या एकदम घ्या, कारण पुढच्या शिपमेंटला तोच लॉट नसतो. सरावाला साधी गोळी आणि मॅचच्या आधीच्या पंधरवड्यात चांगली, असं बहुतेक जण करतात, मीही करते, फक्त बदलताना ते मेणाचं लक्षात ठेवायचं.

खर्च एकत्र विचारतात सगळे, तर रायफल, जॅकेट-पँट (एअर रायफलचंच चाललं), स्लिंग, कपाट, स्टँड, पहिल्या वर्षाच्या गोळ्या आणि बालेवाडीच्या चकरांचं पेट्रोल धरून साडेचार लाखांच्या वर गेलं. लायसनच्या कागदांचा खर्च त्यात नगण्य, त्याला फक्त रजा लागतात. ज्यांची पोरं शिकतायत त्यांनी लगेच रायफल घेऊ नये, एक-दोन वर्षं क्लबच्या रायफलवर स्टेटपर्यंत खेळू द्या, स्पर्धांची सर्टिफिकेटं साठली की लायसनची फाईल पण जड होते आणि पोराला खरंच आवडतंय का ते पण कळतं.

बरेच जण मला तो लॉट नंबर मागतात. सांगून उपयोग नाही, तो माझ्या बॅरलला चालला, तुमच्या बॅरलला तोच बावीसचा पसारा देईल, आणि तसाही तो आता संपत आलाय. या दिवाळीनंतर मलाही परत सगळं पहिल्यापासून करायचंय. वाळूची एक पिशवी फाटलीय, तेवढी आत्यांकडून आधी शिवून घ्यायला पाहिजे.